हॉल कोणाला, टिप कोणती

मी, पूनमसिंग रामलाल राठोड, वय अडुसष्ट, राहणार पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहवून घेत आहे. पक्षाघाताने उजवा हात कामातून गेला आहे, डोके गेलेले नाही. डॉ. प्रभावती गावंडे यांनी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. कटकट मात्र पुष्कळ केली आहे, म्हणूनच हा कागद.

१. पत्नी मानीबाई, मुलगा राजकुमार व मुलगी उज्ज्वला हे माझे वारस. तांड्याकडचे शेत मी स्वकष्टाने घेतलेले आहे. ते दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. बांध कुठे घालायचा हे विचारायला मी नसेन, याबद्दल मला आत्ताच बरे वाटत आहे.

२. भगवानराव ढोले यांना मी काही देत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. एरवीही दिले नसते. पूलच्या खेळात स्टिकला हार्ड टिप लावून पूनमसिंगला हरवला, असे ते अजून गावभर सांगतात. त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता. हे त्यांच्यासमोरच लिहवले आहे.

३. आता बसस्टँडमागचा पूल हॉल, टेबलांसह. भांडण त्याचे आहे, आणि भांडणाचे निमित्त स्टिकच्या टोकाला चिकटवायची चामड्याची टिप. सॉफ्ट टिप बॉलला धरते, हळू मारला तरी बॉल फिरवता येतो, पण ती लवकर पसरते. हार्ड टिकते, बॉल जोरात पळतो, पण चॉक लावायला विसरलात की सटकते. पुसदच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय हॉलमध्ये कोणी उभे राहत नाही, आणि कूलरच्या ओलाव्याने सॉफ्ट टिपचा पार लगदा होतो. म्हणून माझा रिवाज असा की होळीनंतर कूलर लागला की हार्ड, दिवाळीला कूलर माळ्यावर गेला की सॉफ्ट. पण राजकुमारला बारमाही हार्ड पाहिजे, उज्ज्वलाला बारमाही सॉफ्ट. ज्याची टिप चालेल त्याचाच हॉल, हे दोघांनी मला न विचारता ठरवून टाकले.

४. मी दवाखान्यातून आलो तेव्हा हा हात धड चमचा धरत नव्हता. राजकुमारने माझ्या स्टिकला हार्ड टिप लावली, हातात जोर नाही म्हणून. उज्ज्वलाने दुसरीला सॉफ्ट लावली, हात कापतो म्हणून. दोघांचेही खरेच होते. गिऱ्हाइकांसमोर मला टेबलाशी उभे केले. हार्ड सटकली. सॉफ्टने मारलेला बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला.

"पाह्य, पोचला नाही," राजकुमार म्हणाला.

"तुयी त सटकलीच," उज्ज्वला म्हणाली.

मला पुन्हा मारायला लावले. मग पुन्हा. मी टेबलाच्या कडेला टेकलो, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मानीबाई गल्ल्यावर होती. हॉल उघडल्यापासून ती तिथेच बसते. झाडणे, कूलरमध्ये पाणी भरणे, पोरांची भांडणे मिटवणे, सगळे तिच्याकडे. खेळायला तिने स्टिक कधी हातात घेतली नाही. ती उठली, खुर्ची आणली आणि माझ्या हातातली स्टिक काढून भिंतीला लावली.

"थकले न तुमी? बसा आता."

मी बसलो आणि सगळ्यांदेखत मला रडू आले.

५. सबब, हॉल मानीबाईला. आमच्याकडे बाईला हयातीपुरता वापर लिहून देतात आणि मालक पोरगा होतो. वकिलांनीही तेच सुचवले. मी तसे केलेले नाही. पूर्ण मालकी तिची. तिने हॉल चालवावा, भाड्याने द्यावा, विकावा, कोणाला कारण सांगू नये. टिप कोणती, हे मुलांनी तिला रोज विचारत बसू नये. ती माझ्यापेक्षा जास्त थकलेली आहे, आणि तिला बस म्हणणारे कोणी नाही. भर दुपारी शटर ओढून ती निजली, तर तिला कोणी उठवू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. उजव्या हाताने सही होत नाही, म्हणून साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा लावला.

स्थळ : पुसद
दिनांक : १४ मे २०२५

पूनमसिंग रामलाल राठोड (डाव्या अंगठ्याची निशाणी)

साक्षीदार :
१. भगवानराव ढोले (सही)
२. डॉ. प्रभावती गावंडे (सही)