चारची बॅच

१ डिसेंबर २०२४, रविवार

सकाळच्या एसटीने अकोला सोडलं, साडेदहाला राजापेठेत उतरलो. प्रवासात फार दिवसांनी बरं वाटलं. बसमध्ये कोणाची तरी संत्र्यांची पेटी होती, तिचा वास मूर्तिजापूरपासून सोबत होता. कुंदावहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊजी आले, आता घराला घरपण आलं, म्हणाल्या. जेवायला वांग्याची भाजी आणि भाकरी होती, मी दोनदा मागून घेतली.

खाली कुलदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो दादाचा भाडेकरू आणि लहानपणचा विद्यार्थी. माझी बॅग त्यानेच वर नेली. "काका, यात वरवंटा भरून आनला का राजेहो?" असं विचारून स्वतःच हसला. बॅगेत माझी हत्यारं आहेत. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होतो, स्क्रू-ड्रायव्हर आणि स्पिरिटची बाटली सोडून कुठे गेलो नाही.

मी इथे का आलो ते लिहून ठेवतो. दादाला जाऊन अठरा दिवस झाले. जिन्यावरून पडला. शेवटचं दर्शन घेतलं तेव्हा त्याचे दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले होते. दहाव्याला कौंडण्यपूरला पिंडाला कावळा शिवेना. दीड तास गेला. वहिनींनी जे सुचेल ते कबूल केलं, चुलतभावांनीही केलं. मी मागे उभा होतो. शेवटी पुढे होऊन म्हटलं, "दादा, तुझं मशीन मी चालू ठेवीन." हात जोडलेले असतानाच कावळा उतरला. त्याच्या मागे दुसरा आला, आणि पहिल्याने त्याचा डोळा फोडला. पिंडावर रक्त उडालं. गुरुजी म्हणाले, शिवला ना, झालं.

३ डिसेंबर

आज मशीन उघडलं. कीबोर्डाच्या डब्यातच सगळा कॉम्प्युटर आहे, तो टीव्हीला जोडायचा. शेजारी चपलेच्या खोक्याएवढा फ्लॉपी ड्राइव्ह. दादाने १९८८ मध्ये यावरच क्लास सुरू केला. गणिताचा क्लास आणि त्यात कॉम्प्युटर, अशी पाटी गावात दुसरी नव्हती.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बावीस फ्लॉप्या निघाल्या. बहुतेकांवर पांढरी बुरशी होती. कामाची एकच, दादाच्या अक्षरातली "उजळणी व हजेरी". तिलाही बुरशी होतीच. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर आतलं वाचणारं टोक, म्हणजे हेड, खराब होतं, आणि हेड फ्लॉपीला खरवडतं. म्हणून तिचं काळं पाकीट कडेने कापलं, आतली गोल चकती काढली, साबणाच्या एका थेंबात धुतली, कापडावर वाळवली. दुसऱ्या एका फ्लॉपीची चकती फेकून तिच्या पाकिटात ही घातली. एक वाचवायची तर एक मोडावी लागते. पाकिटाच्या कडेच्या खाचेवर दादाने चिकटपट्टी लावली होती. ती असली की मशीन फ्लॉपीवर नवीन काही लिहू शकत नाही. गोंद सुटत आलेला होता, आत अडकला असता, म्हणून नव्या पाकिटावर पट्टी लावली नाही.

दुपारी चारला पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. दिगंबर हजर आहे का? दिगंबर म्हणजे दादा. मी 'नाही' असं लिहिलं. मग आलं, जागेवर कोण बसणार? गंमत वाटली. उद्धव असं लिहिलं.

सतरा आठे किती, हा पहिला प्रश्न. घाईत एकशे सव्वीस टाकलं. ड्राइव्हमधून मोठ्याने ठक ठक ठक ठक असा आवाज आला. हेडला जागा सापडली नाही की ते असं आपटतं. उद्या तेल देतो.

५ डिसेंबर

उजव्या तळहातावर चार वळ आहेत, बोटाएवढे जाड. परवा रात्रीपासून ठणकत होते. वाटलं, बॅगेच्या पट्ट्याने झाले असतील.

कुलदीपने चहा आणला. हात पाहिला आणि कप खाली ठेवायचं विसरून उभा राहिला. मग स्वतःचं मधलं बोट दाखवलं, पेरापाशी वाकडं आहे. त्याने जे सांगितलं ते असं. दादाने प्रोग्रॅमच तसा लिहिला होता. उत्तर चुकलं की ड्राइव्ह आपटायचा, आणि दादा प्रत्येक ठोक्याला लोखंडी पट्टी मारायचा. ज्याला लागतंय त्यानेच मोठ्याने मोजायचं. मोजणी चुकली की पहिल्यापासून. "सर म्हनत, मी कुठं मारून राहिलो? मशीन मारते. मी फक्त तिच्यासंगं हात हालवतो." आईबाप पेढे घेऊन यायचे, कारण निकाल चांगला लागायचा.

मी म्हटलं, तेव्हा सगळेच मास्तर मारत. कुलदीप कप घेऊन खाली गेला.

७ डिसेंबर

काल आणि आज सगळी उत्तरं बरोबर दिली. आज ठोका नाही, वळ नाही. पण काल मध्येच फ्लॉपी वाचता आली नाही आणि ड्राइव्ह दोनदा आपटला. दोन वळ उठले. म्हणजे उत्तर चुकलं काय आणि चकती खराब झाली काय, मशीनला सारखंच.

हेड पुसलं की कापसावर तपकिरी भुकटी येते. ती चकतीवरचीच. रोज वाचली की रोज थोडी झिजणार.

८ डिसेंबर

आज हजेरी उघडली. सगळ्यात वर उद्धव. त्याखाली कुलदीप. तिसरं नाव अश्लेषा.

माझी मुलगी. मे १९९६, वय दहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच तिला दादाकडे ठेवलं होतं, गणित सुधारावं म्हणून. प्रत्येक तारखेपुढे आकडा आहे. चार. सात. बारा. शेवटच्या दिवशी एकतीस.

तेव्हा ती हाताला प्लास्टर घेऊन आली. दादा म्हणाला, जिन्यावरून पडली. मी तिला विचारलं नाही. दादाला शाल आणि श्रीफळ दिलं. त्यानंतर ती या घरात कधी आली नाही, आत्ता दहाव्यालाही नाही, आणि मी तिलाच हट्टी म्हणत राहिलो.

मशीन बंद केलं. वायर काढली. फ्लॉपी गोदरेजच्या कपाटात कुलपात ठेवली. दादाला दिलेला शब्द इथे संपला.

९ डिसेंबर

मशीनच्या वेळेला, चार वाजता, मुद्दाम अंबादेवीच्या देवळात जाऊन बसलो. परत आलो तर दुकानापुढे गर्दी.

कुलदीप एका गिऱ्हाइकाचा फोन उघडत होता. कोणी जवळ नव्हतं. त्याचा उजवा हात टेबलावर आपटला आणि तिथेच राहिला, वरून काहीतरी पडत असल्यासारखा. गिऱ्हाइकाने पाहिलं. पहिल्या दोन ठोक्यांत कातडी फाटली. मग बोटं एकेक करून आत गेली. टेबलावर हाडाचे तुकडे होते, स्क्रूच्या वाटीतही. रिक्षात चढवताना तो मला म्हणाला, "नऊ, काका. मोजले मी. मोजूनच घेतले."

वहिनी म्हणतात, वरून नऊ ठोके ऐकू आले. वायर काढलेली होती.

१० डिसेंबर

फ्लॉपी बाहेर काढली. हजेरीत कुलदीपच्या नावावर रेघ आहे, त्याचा हात संपला म्हणून. पहिला हजर नसला की दुसरा. दुसरा संपला की तिसरा.

चारला बसलो. प्रश्न बारा. उत्तरं बरोबर. चकती तीनदा अडकली. तीन ठोके. करंगळी मोडली.

वहिनींना विचारलं, दादाचे हात गुंडाळले का होते. क्लास बंद होऊन वीस वर्षं झाली, पण ते रोज चारला दार लावून बसत, म्हणाल्या. आतून मोजायचा आवाज यायचा. "मी म्हणायची, सोडा ना हो. ते म्हणायचे, मी उठलो तर पोरांवर जाईल." शेवटी बोटं उरलीच नव्हती. जेवण त्या भरवत. जिन्यावरून पडले ते कठडा धरता आला नाही म्हणून.

म्हणजे त्याला जागा रिकामी ठेवायची नव्हती. कावळा म्हणून थांबला होता. चिकटपट्टी होती तोवर फ्लॉपी त्याच्या जागी नवं नाव घेऊ शकत नव्हती, म्हणून तो गेल्यावर कोणालाच लागलं नाही. ती मी काढली.

११ डिसेंबर

हातोडी घेतली होती. ड्राइव्हवर मारली. मोडलं ते माझं मनगट. पत्र्याला पोचासुद्धा नाही.

१२ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट येतं.

चकती पुन्हा धुतली. ताटातलं पाणी लाल झालं. तपकिरी नाही, लाल. वास ओळखला. चकतीतून आता पलीकडचं दिसतं, काही ठिकाणी.

आज अकरा.

१३ डिसेंबर

अश्लेषाला फोन केला. अठ्ठावीस वर्षांनी विचारलं, दादाने तुला मारलं होतं का. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही प्लास्टर पाहिलं आणि काकांचे पाय धरले." मी म्हटलं, हो.

तीच म्हणाली, आवाज असा का येतो, तब्येत बरी आहे ना, रविवारी येते. नको म्हटलं. तीनदा म्हटलं. माझंच आहे पोरगं, ऐकणार नाही.

आज सोळा. मधलं बोट नखापासून उकललं. मोजणी चुकू दिली नाही.

१४ डिसेंबर

बुरशी पुन्हा — एका रात्रीत. नवं पाकीट — बुरशी नसलेलं शेवटचं.

बावीस ठोके. कोपरापर्यंत.

वहिनी दाराशी रडतात. उद्या चारच्या आधी तिला देवळात न्या, असं सांगितलं. अश्लेषाला. तेवढं करा.

एक सुचलं आहे. खाच उघडी आहे. मशीनला लिहिता येतं तर मलाही येतं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून. एका बोटाने. हजेरीत चाळीस नावं उरली होती. पहिलं अश्लेषाचं पुसलं. तिथे उद्धव. मग पुढचं — उद्धव. पुढचं — उद्धव. कोणाकोणाची लेकरं. पहिला नसला तर दुसरा मी. दुसरा संपला तर तिसरा मी.

तीनला चकती अडकली — हेड पुसलं. चालली.

साडेतीनला शेवटचं नाव. खाचेवर पट्टी लावली. दाताने कापून. आता काही बदलत नाही. कोणीच बदलू शकत नाही.

खाली रिक्षा. अश्लेषाचा आवाज. वहिनी देवळाचं म्हणतात — ती नाही म्हणते — बाबा कुठे आहेत —

आतून कडी लावली. टेबल लावलं दाराला.

चार.

उद्धव हजर आहे का. हो.

प्रश्नच नाही आला. चकती फिरते, वाचत नाही. खरवडल्याचा —

एक. दोन. तीन. उजवा हात टेबलावर ठेवला आहे. डाव्याने लिहितो. म्हणजे मोजणी चुकणार नाही.

नऊ. मनगट गेलं. कुलदीप, नऊ.

ती जिन्यावर आहे. बाबा दार उघडा. दार वाजवते. दाराचा आवाज वेगळा, ड्राइव्हचा वेगळा. मिसळू द्यायचे नाहीत.

सतरा. अठरा. हाड बाहेर — वहीवर उडतंय, पुसून लिहितो —

तेवीस

दोन्ही हातांनी ठोकते आहे. दोन्ही. जोरात. एका हाताने एवढा आवाज येत नाही. दोन्ही हात चांगले आहेत तिचे.

अश्लेषा, मला माहीत होतं. तेव्हाच

एकोणतीस — तीस — एकतीस

थांबलं नाही. बत्तीस. उजव्यात आता काही उरलं नाही. खांद्याकडून — नाही, डाव्या — डाव्या हाताकडे आलं. तेहती