औषध घेतलं

उंद्री, ४ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. काजल हिस,
अनेक आशीर्वाद. तेराव्याच्या गर्दीत बोलता आले नाही, म्हणून लिहितो. तुझा दादा गणेश गेला त्या दिवशी मी चिखलीला होतो. पोलीस जमादाराने विचारल्यावर तुझी आई म्हणाली, "त्यानं औषध घेतलं अन् वावरात गेला." फवारणीच्या औषधाचा डबा उचलला, एवढेच तिला म्हणायचे होते; फवारताना ते अंगात भिनूनही माणसे दगावतात. जमादाराने, गणेश विष प्यायला, असे लिहिले, खाली तिचा अंगठा घेतला.

आता गावही तेच बोलते. किसनराव म्हणाला, बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली, पोरगा खचला असेल. तुझी आई धड जेवत नाही. खरे सांगतो, मलाही शंका येते. भाच्यांनी शोधायची ती दिवाळीची डबी गणेशने यंदा लपवली होती का? त्याचा फोन पोलिसांकडे आहे.

आशीर्वाद आहेतच.
उकंडराव

पुणे, ९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. त्याच सकाळी दादाने डबीच्या जागेचे आकडे पाठवले होते. मी ते उघडूनही पाहिले नव्हते. मागच्या दिवाळीत मुलांनी फोनवर आकडे जुळवत तीन डब्या शोधल्या, तेव्हा मामा चोर आणि भाचे पोलीस, अशी तुम्ही चेष्टा केली होती. आकडे पत्रामागे लिहिले आहेत. ते नकाशात टाकले की शकूरभाई टेलरांच्या फोनवर जागा दिसेल. सापडली की डबीतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तिथेच ठेवायची, हा दादाचा नियम.

आईला दोन घास खायला लावा. माया असू द्या.
काजल

उंद्री, १६ ऑक्टोबर

चि. सौ. काजल हिस,
आशीर्वाद. शकूरभाई फोन धरून पुढे, मी मागे. कपाशीची पऱ्हाटी संपते तिथे बाभळीच्या बुंध्याशी, दगडाखाली डबी होती. वहीत तारीख त्याच दिवसाची. लिहिले आहे: "भाचेमंडळी, औषध घेऊन आलो आहे. फवारा मारतो. दिवाळीत ही डबी शोधून दाखवा. हरलात तर अनारसे माझे."

वही ठाण्यात नेली. पोरांच्या खेळातल्या वहीवरून पंचनामा बदलत नाही, असे सांगून परत दिली. मी तुझ्या आईला ते तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "एक अंगठा मीच देल्ला होता. आता इथं लावते." पेनची कांडी कापून शाई काढली. गणेशच्या अक्षराखाली तिने अंगठा लावला. मी सही केली.

मला वही घरात ठेवायची होती. ती नको म्हणाली. डबी परत दगडाखाली ठेवली आहे. मुलांच्या नावांपुरती जागा सोडली आहे. त्यांना आणशील ना?

तुझा,
बाबा