आखूड पायांचा शिंपी आणि कार्बनची फ्रेम

मी, खाली सही करणारा, पेशाने शिंपी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर नाही असे मेहुणा म्हणेल. तो ते माझ्या लग्नापासून म्हणत आहे, तेव्हा त्याकडे लक्ष देऊ नये.

कलम एक. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीस. दोन्हींचा कारभार तीच पाहते, मला फक्त कळवले जाते.

कलम दोन. दुकान, शिवणयंत्र आणि मोठी कात्री मुलीस. त्या कात्रीने कागद कापू नये. कापल्यास मी जिथे असेन तिथे मला चैन पडणार नाही.

कलम तीन. जड इस्त्री मेहुण्यास. त्याने एकच पँट माझ्याकडून तीनदा उसवून घेतली आणि शेवटी म्हणाला, पहिलीच बरी होती.

कलम चार. डोंगरात चालवायच्या सायकलची कार्बनची फ्रेम. हिच्यासाठी मी दोन वर्षे डोळे फोडून माहिती वाचली. कार्बनच्या विणीबद्दल मी इतके बोलायचो की गिऱ्हाइके माप न देताच निघून जात. परदेशातला विक्रेता मला पत्रात ‘प्रिय मित्र’ म्हणे. घरात तसे कुणी म्हणत नाही.

त्याने माझ्या पायाचे आतल्या बाजूचे माप मागितले. मी टेप लावून अचूक घेतले आणि मग सवयीने, वाढत्या वयाच्या मुलांच्या पँटीला सोडतो तेवढे जादा धरले. कापड जादा झाले तर आत घालता येते. कार्बन घालता येत नाही, हे एवढे वाचूनही माझ्या ध्यानात आले नाही.

चाके जोडून बसलो तर दोन्ही पाय अधांतरी. मेकॅनिकने मला धरून ठेवले होते. मेहुणा पोट धरून हसला आणि म्हणाला, “दाजी, सोबत शिडी मागवायची राहिली.” वर फ्रेमला प्लास्टिक म्हणाला.

तेव्हापासून ती कपडे घालून बघायच्या खोलीत उभी आहे आणि लोक तिच्यावर पँटी टाकतात. ते बघून माझा जीव तुटतो. तिने एकदा तरी चिखल बघावा, एवढीच माझी इच्छा आहे. ती पत्नीच्या माहेरच्यांसारख्या उंच माणसालाच बसेल. म्हणून दातओठ खात लिहितो: फ्रेम मेहुण्यास.

दुरुस्ती. साक्षीदार म्हणून सहीसाठी पत्नीला बोलावले. तिने सगळे वाचले आणि शेजारच्या वकिलांना विचारले, साक्षीदाराला यातले काही मिळते का. ते म्हणाले, नाही, सही केली की त्याच्या नावचे जाते. तिने पेनाला टोपण लावले.

“मग मी सही करत नाही. अहो, ते चौथं कलम खोडा.”

मी म्हणालो, तू तर फ्रेमला अडगळ म्हणतेस. ती म्हणाली, “कधी विचारलंत का मला?”

खरेच विचारले नव्हते. कलम चार रद्द. फ्रेम पत्नीस. ताबा माझ्या पश्चात, असे मी लिहिणार होतो, पण एवढे थांबायला ती तयार नाही. ताबा आजपासून.

साक्षीदार: १. शेजारचे वकील. २. मेहुणा (सही केल्यामुळे याला आता इस्त्रीही मिळणार नाही. हे त्याला सहीनंतर सांगितले).

स्थळ: दुकानातले कापायचे टेबल. तारीख: शिक्क्यावर आहे ती.

सही: (वेडीवाकडी आली आहे, पण माझीच आहे. पत्नी सायकल घेऊन चढाच्या रस्त्याला लागली आहे आणि मला बघायला पळायचे आहे.)