वेळ विचारली तर

लंडन, ४ मार्च १९८५

प्रिय आई,

मी धडधाकट आहे. भुवईवरचे टाके निघाले, आता खूणही दिसत नाही. तू पाठवलेला केक एकट्यानेच फस्त केला. बाबांचा खोकला कसा आहे?

मी पोलीस आहे हे इथे कुणालाही ठाऊक नाही, तेव्हा काळजी नको. लेनीच्या फुटबॉलवेड्या गुंडांच्या टोळीत मी आता घरचाच झालोय. ही पोरं आपल्या संघाचे मफलर घालत नाहीत, महागडी जाकिटं घालतात. त्यामुळे स्टेशनावर ती ओळखूच येत नाहीत. समोरचा कुठला हे कळायला ती त्याला नुसती वेळ विचारतात. तोंड उघडलं की बोली कळते, आणि समोरच्या संघाच्या गावचा निघाला की तुडवतात.

काल लेनी म्हणाला, "शनिवारी विचारायचं काम तुझं. तुझं थोबाड पाद्र्यासारखं भोळं आहे लेका!"

आई, शनिवारची मॅच आपल्या गावात आहे. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "पुरावा हाती येईपर्यंत गप राहा."

बाबांना कुणी वेळ विचारली की ते आजोबांचं घड्याळ काढतात आणि त्याची सगळी कुळकथा सांगत बसतात. शनिवारी त्यांना घराबाहेर सोडू नकोस. खोकल्याचं निमित्त कर, बूट लपव, काहीही कर. नाहीच ऐकलं, तर एवढं बजाव: कुणी वेळ विचारली तर घड्याळ पुढे धरायचं, तोंड उघडायचं नाही.

विचारणारा मी असलो तरी.

तुझाच,
नेव्हिल