फाटकावरची झडती

बाबा, पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत बसून लिहिते आहे. समोरचं सूप गार झालंय आणि अर्ध्या तासात मला ऑफिसात परत जायचंय. कालपासून एका जागी बसवत नाही, म्हणून शेवटी तुमच्याशीच बोलते.

मी कंपन्यांचे इतिहास लिहून देते, हे तुम्ही असताना सुरू झालं नव्हतं. सध्या हातात आहे तो इंग्लंडमधल्या काडतुसांच्या एका कारखान्याचा. कारखाना कधीच बंद पडला. मालकांची पणती इथे राहते, तिला घराण्याची आठवण म्हणून पुस्तक हवंय. एका शेडमध्ये बंदुकीचा बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या करण्यापासून त्यांची सुरुवात झाली. मग पितळी काडतुसं आली, त्यांच्या पेट्या बोटींनी इथल्या ब्रिटिश छावणीतही उतरायच्या. युद्ध संपलं की मागणी संपायची, मग त्याच यंत्रांवर सायकलींचे सुटे भाग. पुन्हा युद्ध, पुन्हा काडतुसं, आणि या वेळी दारू भरायला बायका. वाचताना मला तुमच्या हातांचा वास येत होता. पुण्याजवळच्या तुमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून आल्यावर तुम्ही आधी चिंच लावून हात धुवायचात, तरी पितळेचा वास जायचा नाही.

काल त्यांच्या झडतीच्या वहीपाशी पोचले. बुटांना खिळे नकोत, केसांत आकडे नकोत, खिशात आगकाडी नको. एका पानावर दोनच ओळी: भरण खात्यातली मुलगी, कोटाच्या अस्तरात एक काडी सापडली, कामावरून काढली. नाव नाही. मी ती प्रकरणात घेतली. माझी बॉस वाचून इथल्या लकबीत म्हणाली, "छान आहे, पण टू सॅड लाह. ही मुलगी काढ, सायकली वाढव." मी मान डोलावली आणि तीनदा उठून पाणी प्यायले.

आपलं पुण्याकडचं घर, मी दहा वर्षांची आहे. काडेपेट्यांवरचे छाप जमवायचं वेड आहे. रस्त्यावरच्या पेट्या उचललेल्या आईला खपत नाहीत, म्हणून मोराच्या छापाची पेटी मी तुमच्या कापडी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात लपवते. आत दोन काड्या आहेत. सकाळी काढून घेईन म्हणते, पण तुमची पहिली पाळी असते आणि मी उठते तोवर तुम्ही गेलेले असता. फाटकावर दरबान पिशवी उलटी करतो. तुम्ही दुपारच्या आत घरी येता. महिनाभर सस्पेंड, आणि नंतर निवृत्तीपर्यंत स्टोअरच्या खिडकीत. भरण खातं तुम्हाला पुन्हा दिसलं नाही.

"दोनशे माणसं असतात तिथे," तुम्ही आईला म्हणालात. "डबा भरताना एवढंही भान राहत नाही?" आई स्टोव्हपाशी उभी होती. ती म्हणाली, "मीच ठेवली असेल हो. स्टोव्ह पेटवला आणि हातातली तशीच आत गेली असेल." मी दारात होते. दुसऱ्या दिवशी तिने घरातली काडेपेटी सुतळीने खिळ्याला बांधून टाकली.

मला न सुटणारी गोष्ट पुढची आहे. तुम्ही कामावर परत गेलात त्या संध्याकाळी माझ्यासाठी कोऱ्या पानांची वही आणि डिंकाची बाटली आणलीत. म्हणालात, "छाप यात चिकटव. पेटी घरात आणायची नाही." एवढंच. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, बाबा. मला वाचवलंत, हे मी कितीतरी वर्षं प्रेमाने आठवत आले. पण मग आईला का नाही सांगितलंत? स्वतःचे शब्द मागे घ्यायला जड गेलं का? की मी सांगेन म्हणून वाट पाहत राहिलात?

आई आता इथे आमच्याकडे असते, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ती अजून बाहेरून चाचपते. तुमची नात स्टेशनवर गाडी पकडायला निघताना म्हणते, "आजी, एमआरटीने चाललेय, बॉम्ब फॅक्टरीत नाही लाह!" आई हसते आणि तरी चाचपते. "एकदा माझ्या हातून झालंय ना गं," म्हणते. आम्ही सगळे हसतो. मीही.

वहीतली ती मुलगी काढणार नाही, असं बॉसला मघाशी कळवून टाकलं. हवं तर सायकली कमी करते म्हटलं. ते सोपं गेलं. तिच्या घरचं कुणी स्वयंपाकघरात माझी वाट पाहत नाही.

आज सकाळी आईचा हात माझ्या पिशवीवर होता तेव्हा मी तो धरला. तिने वर पाहिलं. "काय गं?" आज सांगायचंच, असं घोकत मी अजून चप्पलसुद्धा घातली नव्हती. आणि मी म्हणाले, "काही नाही. बाहेरचा कप्पा राहिला." तिने तोही चाचपला.