चौकशी अहवालातील ‘विनाकारण’ हा शब्द काढण्याबाबत

प्रति,
मा. बंदर निरीक्षक,
प्रवासी लाँच कक्ष, मुंबई.

अर्जदार: गणपत धोंडू शिगवण, वय ६८, राहणार परळ.

विषय: कै. कमल गणपत शिगवण यांच्या मृत्यूच्या अहवालात दुरुस्ती होणे व लहान मुलांची लाइफ जॅकेटे अंगावर तपासूनच त्यांना लाँचमध्ये घेणे.

संदर्भ: आपल्या कक्षाचा अहवाल, एप्रिल २०२५.

महोदय,

१. अर्जदाराच्या गावच्या मुंबई मंडळाने शिमग्याच्या पालखीला जाण्यासाठी लाँच ठरवली होती. मुलांसाठी मंडळाने स्वतःची जॅकेटे घ्यायचे ठरवले. ती आणायला अर्जदाराची पत्नी कमल गेली, कारण चाळीतल्या पोरांचे गणवेश, बूट तीच आणून देत असे. दुकानदाराने मुलांची वजने विचारली. कमल म्हणाली, "पोरं काय एवढीच राहणार आहेत? वाढत्या अंगाची दे." गणवेश आपल्याकडे असाच घेतात, बाही दुमडून. जॅकेटही तसेच घेतले गेले. मंडळात कोणी हरकत घेतली नाही. खजिनदार अजित तर म्हणाले, "काकींनी पुढच्या शिमग्यांचीपण सोय केली."

२. धक्क्यावर आपल्या कर्मचाऱ्यांनी जॅकेटे मोजली. जितकी मुले तितकी जॅकेटे, म्हणून परवानगी मिळाली. पट्टे कोणी ओढून पाहिले नाहीत. फळीवरून चढताना अर्जदाराची नात अनुजा, वय सहा, पाय घसरून पाण्यात पडली. जॅकेट वर तरंगले आणि मुलगी त्यातून खाली सरकली. कमल रांगेत मागे होती, तिने स्वतःचे जॅकेट अजून घातले नव्हते. तिने अंगावरच्या साडीनिशी उडी मारली.

३. अहवालात लिहिले आहे: ‘बालिका जॅकेटमुळे सुरक्षित होती. सदर महिलेने विनाकारण पाण्यात उडी घेतली.’ धक्क्यावरून पाहणाऱ्याला तसे दिसले असेल. पण अनुजाला वर घेणारा खलाशी दौलत अर्जदाराला म्हणाला, "काका, पोरगी जॅकेटात राहतच नव्हती. काकी खालून जॅकेट तिच्या कमरेशी आवळून होत्या. मी पोरीला उचलली, तेव्हा सोडलं त्यांनी." त्यानंतर कमल वर आली नाही. दौलतचा जबाब आपल्या कक्षातर्फे कोणी घेतला नाही.

४. अर्जदार आपल्या कार्यालयात आला असता त्यास सांगण्यात आले की, अहवालातील मजकूर बदलायचा तर ज्यांच्याविषयी मजकूर आहे त्यांनीच अर्ज करावा लागतो. तशी व्यक्ती कमल आहे. तिची सही आणणे अर्जदारास शक्य नाही. ही अट शिथिल करावी, ही विनंती.

५. तसेच यापुढे जॅकेटे नुसती मोजू नयेत. जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे असावे, पायांमधून जाणारा पट्टा असावा. सगळे पट्टे आवळून मुलाला हात वर करायला सांगावे आणि जॅकेट खांद्याशी धरून वर ओढावे. ते कानापर्यंत चढले तर त्या मुलाला लाँचमध्ये घेऊ नये. आईबाप भांडतील. भांडू द्यावे.

६. अर्जदारास भरपाई नको. अनुजा रोज विचारते, आजीने उडी का मारली. घरात सगळे मायेने सांगतात, "तुझ्यासाठी गं, बाळा." ते ऐकले की ती ताट सरकवते. जॅकेट मोठे होते, हे अर्जदाराने तिला सांगून पाहिले. तिला वाटते, आजोबा समजूत घालतात. छापील आणि शिक्का मारलेल्या कागदावर तिचा विश्वास आहे. तरी ‘विनाकारण’ हा शब्द काढून त्या जागी ‘जॅकेट मोठे होते’ एवढेच लिहून मिळावे. अर्जदार ते तिला वाचून दाखवील.

आपला नम्र व उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
गणपत धोंडू शिगवण
परळ, दि. २ जून २०२५

सोबत: मृत्यूचा दाखला, दौलत यांचा सहीचा जबाब, जॅकेट, केशरी, एक.