जर्मनीत ओढलेली झील

पप्पा, जयभीम.

फोनवर गाण्याचं काढलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. मी मजेत आहे. नर्सिंगची ड्युटी संपली की इथल्या चर्चच्या कोरसमध्ये गाते. चिडू नका, धर्म नाही बदललेला, फक्त गाते.

सध्या कँटाटा बसवतोय. म्हणजे गाण्यांतून एक कथा सांगायची. मध्ये कोणी एकटं गातं, मध्ये सगळे. मला तर तुमची भीमगीतांची गायन पार्टीच वाटली. परवा एक बाई एकट्या गात होत्या. त्यांची ओळ संपली आणि मी सवयीने झील ओढली, मागून तीच ओळ उचलली, खड्या आवाजात! अख्खा हॉल वळून बघायला लागला.

कोरस बसवणारे सर म्हणाले, "सॉरी म्हण." मी म्हटलं, पुढच्या वेळी गप्प बसेन, पण सॉरी नाही म्हणणार. आमच्या ठाकुर्लीत गाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. काढलं कोरसमधून, तर काढू देत.

मम्मी सांगते, धोंडिबाकाका गेल्यापासून तुम्ही गातच नाही, मागे झील ओढायला कोणी नाही म्हणून. मी काय मेलेय? रविवारी फोन लावते. तुम्ही गा, झील मी इथून ओढते. माझे शेजारी भिंत ठोकतील. ठोकू देत, तेवढाच ठेका.

तुमची, कुणाचं न ऐकणारी,
उत्पला